नळीचा पहारा

सप्ताहाच्या मंडपात झिपरू नानांनी गळ्यातली वीणा छेडता छेडताच मानेने खुणावलं. ती पेटी मंडपाबाहेर.

मोटारसायकलवरून पुढे आलेल्या किरणने पत्र्याची दानपेटी उचलून रस्त्याकडेच्या धुळीत ठेवली. पेटीवर पुनमचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'धुळे ते पिंप्राळा, आळीपाळीने धाव. पुनमच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी.'

"पळनारा मोटारसायकलवर?" नाना पुटपुटले. "बठ्ठा चोर शेतस." सगळेच चोर, हे त्यांचं ठरलेलं होतं.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात गोशाळेचं पावतीपुस्तक घेऊन दोघे आले होते. नानांनीच कीर्तनाआधी माइकवरून त्यांच्यासाठी शब्द टाकला. दोघांनी पंगतीत बुंदी खाल्ली, आणि पुढे ना गोशाळा दिसली ना ते दोघे. आजही संध्याकाळच्या कीर्तनाला पाच गावं येणार होती. नाना बोलले तर पेटी भरणार होती. नाहीतर धुळीतच राहणार होती.

तेवढ्यात भाविका धावत आली. घामाने चिंब, हातात रिलेची फूटभर पिवळी नळी. इथून पुढचा टप्पा हितेंद्रचा, पण त्याचा टेम्पो मागे पारोळ्याजवळ पंक्चर झाला होता. किरण त्याला आणायला निघाला. भाविका जागच्या जागी पावलं टाकत उभी राहिली.

पंगतीचा चहा बघणाऱ्या लताबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. तिने चहा डाव्या हाताने घेतला. बसली मात्र नाही.

नानांचं बोट तारेवर चालूच होतं. दोन नामांच्या मधल्या जागेत त्यांनी विचारलं, "ठेव ना खाले ती नळी. कोन देखी ऱ्हायनं?"

"नाही ठेवत, नाना. धुळ्यापासून टेकवली नाही."

"रामकृष्णहरी... आनि लघवीले जानं पडनं तं?"

लताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दुसऱ्याच्या हातात देऊन जायचं."

नानांचं बोट तारेवर अडखळलं. सप्ताहाची वीणाही सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा बदलताना देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पण लगेच नानांचे डोळे बारीक झाले.

"तो उनाच नही तं?"

"मग मीच पळेन. पुनम आमच्या चौघांतली चौथी आहे, नाना. तिचा टप्पा सकाळपासून मीच पळतेय."

नानांचा पहारा संपून तास झाला होता आणि पुढच्या पहाऱ्याच्या प्रेमराजचा पत्ता नव्हता. इकडे ते उभे, तिकडे ती उभी. चोर धरायला बसल्यासारखे नाना तिच्या उजव्या हातावर नजर लावून होते. नळी एकदाही खुर्चीला लागली नाही.

मोटारसायकल आली. हितेंद्रने उडी मारली, हात पुढे केला, नळी घेतली आणि सुटला.

"थांब रे!" नाना नाम सोडून ओरडले. "पाय पडनं ऱ्हायनं ना!"

हितेंद्र गोंधळून मागे आला. तो आणि भाविका हसत हसत एकमेकांच्या पायांशी वाकले. मग तो पळाला.

पाठोपाठ प्रेमराज उगवला, ओल्या केसांनिशी, कारणं सांगत. पाया पडणं झालं, वीणा त्याच्या गळ्यात गेली. मोकळ्या हातांनी नाना मंडपाबाहेर गेले. पेटी उचलली, धोतराच्या सोग्याने तिची धूळ पुसली आणि आत आणली. लताबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"आठे ठेवा, नाना."

"खाले नही." नानांनी पेटी छातीशी धरली. "तीन तास मी उभा ऱ्हास. मंग पुढल्या पहाराले मगनले बलाव."