दोन अँपिअर

बहात्तर साली कोपरगावात रोज संध्याकाळी वीज जायची आणि सासूबाईंची पोथी अर्ध्यावर राहायची. कंदिलाच्या उजेडात त्यांना अक्षर लागत नसे, आणि गुडघ्यांमुळे खोलीबाहेर येववत नसे. म्हणून मी कारभारी मिस्त्रींकडून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरात बसवून घेतली.

"बाई, आता घराला गिअर तेवढा टाकायचा राह्यला," ते हसून म्हणाले. "पर वायर वसरीपर्यंतच पुरली. आजींच्या खोलीत उद्या दिवा लावू."

सासूबाई हिरमुसल्या.

दिवेलागणीला वीज गेली. मी बटण दाबलं आणि ओसरीवरचा एकुलता दिवा उजळला. समाधानाने मी बॅटरीला जोडलेला मीटर पाहिला. आमच्या एका दिव्याला दोन अँपिअर लागतात. काटा चारवर होता.

मी वायर हाताने चाचपली. ती ओसरीवरच संपत होती.

तेवढ्यात आतून पोथीचा संथ सूर येऊ लागला. मी खोलीत डोकावले. आत मिट्ट काळोख होता. त्या काळोखात पान उलटलं.

मी परत येऊन ओसरीवरचा दिवा बंद केला. काटा दोनवर येऊन थांबला.

"इंदू," सासूबाई आतून तृप्त आवाजात म्हणाल्या, "इकडचा राहू दे हं."