मोकळी वाहिनी

"पुन्हा टीव्हीच," पडद्यावरच्या रेषा बघत लिंबानी म्हणाला. "वाहिनीचा मालक आलाय. आपल्याला उठावं लागणार."

"तुमचा मालक नेमका माझ्या पेशंटच्या वेळी कसा येतो हो, दादा?" तमांडानी सिस्टर वैतागली.

मलावी सरोवराकाठच्या त्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. झोंबा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं ते लिंबानीने बसवलेल्या रेडिओवरून. टीव्हीची रिकामी वाहिनी हुडकून तिच्यावर काम करणारं यंत्र ते. टीव्हीचा संकेत ओळखू आला की मुकाट बाजूला व्हायचं. कायदाच तसा. आणि त्या भागात रिकामी वाहिनी एकच होती.

लिंबानी खटपट करत बसला. दुपारी संकेत गेला, रेडिओ सुरू झाला. सिस्टरने मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे गोळे आणि वाळकी उसिपा मासळी वाढली.

"जेवून जा. घरी कोण रांधतंय तुम्हाला?"

"कोण रांधणार? बायको गेली तशी चूलही गेली."

"मग आमचा रेडिओ बिघडतो तेच बरं म्हणायचं," ती हसली.

पुढच्याच आठवड्यात एस्नाती नावाच्या कोळणीला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. पडद्यावर पुन्हा टीव्हीचा संकेत, रेडिओ मुका. लिंबानी सायकल दामटत आला, पण तो पोचेपर्यंत एस्नाती गेली होती. बाळही गेलं.

त्या दिवशी दवाखान्यातली चूल पेटली नाही. सिस्टर स्वतः शहरात टीव्ही केंद्रावर जाऊन आली.

"ती वाहिनी त्यांनी कधीच बंद केलीय," ती लिंबानीला म्हणाली. "कुणीतरी त्यांची नक्कल करतंय, आणि आपलं यंत्र फसतंय. शोधा त्याला, दादा. मला त्याचं तोंड बघायचंय."

"शोधतो," लिंबानी म्हणाला.

अँटेना खांद्यावर टाकून तो गावोगाव हिंडला. मासळी वाळवणाऱ्या बाया त्याला पाणी देत. एस्नातीच्या नवऱ्याने त्याचे हात हातात घेतले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून," एवढंच तो बोलू शकला.

सापडलं काहीच नाही. पण तो संकेतही पुन्हा आला नाही. चोर घाबरला, असं लोक म्हणाले. रेडिओ अखंड चालू राहिला. सिस्टरने एकदा फोन करून आभार मानले. त्यानंतर तिला फोन करायचं कारणच उरलं नाही.

पावसाळा येऊन गेला. लिंबानी घरी शिळी न्सिमा चावत होता. ती तशीच टाकून तो उठला, खाटेखालून टीव्हीची हुबेहूब नक्कल करणारं खोकं ओढलं, बटण दाबलं, आणि फोन जवळ घेऊन बसला.