बढत्यांच्या फायलीतला कागद

कचेरीतल्या फायली सामाईक कपाटात, कुणालाही चटकन सापडतील अशा लावायचं काम रेकॉर्डच्या बाईंकडे आलं. मदतीला हेडक्लार्क होती, वीस वर्षं त्यांच्या डब्यातलं हक्कानं खाणारी मैत्रीण. बढत्यांची जुनी फाईल लावताना बाईंच्या हाती एक तक्रार लागली. बाई न कळवता महिनाभर गैरहजर आहेत, हेडक्लार्कच्या जागेसाठी त्यांचा विचार करू नये, असं त्यात लिहिलं होतं. खाली मैत्रिणीची सही होती. तो महिना बाईंच्या आईच्या शेवटच्या दुखण्याचा होता. “तू बिनघोर जा, रजेचा अर्ज मी देते,” हीच म्हणाली होती. बाईंनी कागद पुढे धरताच ती पांढरीफटक पडली. “मला वाटलं, साहेबांनी कधीच फाडला असेल,” ती पुटपुटली. “तूच फाड ना आता.” बाईंनी डोळे पुसले, कागदाला भोकं पाडली आणि तो फायलीत सर्वांत वर लावला.