उशाशी चावी

मंगळवारी सकाळी आठ वाजता गाडीनं पुन्हा दगा दिला.

रुक्माबाई मागच्या सीटवर बसून होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत फाईल आणि चादर. नऊ वाजता दवाखान्यात त्यांना डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचे. नंबर हुकला तर थेट शुक्रवार. अंगातलं पाणी तोवर छातीत चढलं की काय होतं, हे त्यांनी मागच्या महिन्यात एकदा भोगलं होतं.

बॉनेट उघडं होतं. नजीर मिस्त्री स्वतःची बॅटरी जोडून, गाडी किती वीज ओढते ते दाखवणाऱ्या मीटरकडे बघत होते. गाडीच्या एका अंगाला युवराज उभा, दुसऱ्या अंगाला राजदीप. पिंप्राळ्यातल्या त्या घराच्या मधोमध भिंत घालून दोघे भाऊ वेगळे झाले होते. पोर्च फार अरुंद, म्हणून तो सामाईक राहिला आणि त्यातली गाडीही सामाईक राहिली. आईला दवाखान्यात न्यायला म्हणून दोघांनी मिळून घेतलेली. मंगळवार युवराजचा, शुक्रवार राजदीपचा.

गाडी रात्री कुणीतरी फिरवतं, असं युवराज मिस्त्रींना सांगत होता. भावाशी तो बोलत नसे, भावाबद्दल तिसऱ्याला सांगे. राजदीपनंही मिस्त्रींनाच ऐकवलं, की काही लोक काचा चढवून गाडीत एसीची हवा खात बसतात आणि सकाळी बॅटरी मेली म्हणून बोंब मारतात. मग तो नजीरवरच घसरला. वर्षात ही तिसरी बॅटरी. नवी म्हणून जुनीच पुसून दिली का?

नजीरांनी ते ऐकून घेतलं. रात्री चाव्या कुठे ठेवता, एवढंच विचारलं.

उत्तर रुक्माबाईंनी दिलं. त्या पंधरा दिवस एकाकडे आणि पंधरा दिवस दुसऱ्याकडे राहत, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. दोघेही पुढच्या खोलीत, पोर्चच्या खिडकीला खाट लावून झोपत. दोघांचीही चावी उशाशी. झोपेत कूस बदलली तरी हात आधी चावी चाचपून येई. आणि गाडी दोन्ही खिडक्यांपासून हातभर.

नजीरांनी गाडीची सगळी दारं लावून घेतली आणि दोघांना आपापल्या चावीसकट कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जाऊन थांबायला सांगितलं. दोघे निघाले, पण एक पाऊल यानं टाकलं की मगच त्यानं टाकायचं, असे. ते खांबाशी पोहोचल्यावर काही वेळानं मीटरवरचा आकडा घसरत घसरत खाली आला. नजीरांनी हात करून त्यांना बोलावलं. दोघे गाडीशी आले तसा आकडा पुन्हा चढला.

"चोर कुणी नाही," नजीर म्हणाले. "ही गाडी चावी ओळखते. चावी जवळ असली की तिला वाटतं मालक आला, आता दार उघडेल. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी मालक. रात्रभर झोपच नाही तिला."

आजपासून चाव्या मागच्या स्वयंपाकघरात ठेवा, असं त्यांनी सांगितलं. ही बॅटरी मात्र पार उतरली होती. आता गाडी चालू करून दिली तरी दवाखान्यात बंद केल्यावर पुन्हा चालू होण्याचा भरवसा नव्हता. दोन-तीन तास ती चार्जरवर ठेवावी लागणार होती. तोवर कुणीतरी अक्कांना रिक्षानं घेऊन जा, नजीर म्हणाले. मशीनवरून उतरल्यावर रुक्माबाईंना चक्कर येई, सोबत माणूस लागेच.

कुणी हललं नाही.

"आज मंगळवार आहे," राजदीप म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो सरळ भावाशी बोलला होता.

"माझा मंगळवार गाडीचा आहे, रिक्षाचा नाही. मी तिकडे गेलो की इकडे गाडी कुणाची होते, कळतं मला."

"मग मी जातो. पण माझ्यामागे तुझी चावी तुझ्याकडे राहणार असेल, तर नाही."

नजीर मध्ये पडले. दोन्ही चाव्या अक्कांकडे द्या, त्या बरोबर नेतील, मग कुणीही एक जा.

रुक्माबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. सुया टोचून टोचून त्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती. राजदीपचा हात खिशाकडे गेला. तो भावाकडे बघत होता.

"आई सध्या तुझ्याकडे जेवते," युवराज म्हणाला. "तिच्याकडे चावी म्हणजे तुझ्याकडेच."

राजदीपचा हात खिशातच राहिला. रुक्माबाईंचा हात थोडा वेळ तसाच बाहेर होता. मग त्यांनी तो आत घेतला.

साडेआठ होऊन गेले होते. त्यांनी दार उघडलं, पिशवी खांद्याला लावली आणि दाराचा आधार घेत खाली उतरल्या. नजीर गेटपर्यंत आले. "अक्का, मी येऊ का?" त्यांनी हळूच विचारलं. रुक्माबाईंनी नकारार्थी मान हलवली. दोन धडधाकट मुलं असताना परक्या माणसाला कामावरून उठवून न्यायचं, हे त्यांच्या जिवावर आलं.

कोपऱ्यावरचा रिक्षावाला सुपडू त्यांच्याच भडगावकडचा, अहिराणी बोलणारा. त्यानं पिशवी आत घेतली आणि त्यांच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"अक्का, संगे कोनी नही? पोरं कोठे गयात?"

"घरीच शेतस," रुक्माबाई म्हणाल्या. "गाडी राखतस."