कचऱ्याचा डबा नसलेलं घर

नवऱ्याने घरातला कचऱ्याचा डबाच काढून टाकला आणि त्याचं नाव झालं. लोक घर बघायला येऊ लागले. वापरून फेकायची एकही वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तो खोलीखोलीत हिंडवून दाखवायचा. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या दाराशी आवाज जरा खाली आणायचा. "आईलासुद्धा कापडी डायपरच. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वापरायचे."

"वहिनींची साथ आहे हो," पाहुणे म्हणायचे. वहिनी तेव्हा मोरीत डायपर पिळत असायच्या. जमेला नवरा, खर्चाला बायको, असा तो संसार.

आज पाहुणे गेल्यावर तिने सासूबाईंपुढे पाण्याचा पेला धरला. त्यांनी मान फिरवली.

"दोन घोट तरी घ्या, आई. डॉक्टर मला रागावतात. तहान कशी लागत नाही तुम्हाला?"

"लागते ग, न लागायला काय झालं? पण मी प्यायले की धुवायला तुलाच बसावं लागतं."

बाहेर नवरा फोनवर पुढच्या पाहुण्यांना वेळ देत होता. हल्ली धुणं कमी झालंय म्हणून आपण मनातून सुखावलो होतो, हे तिला आठवलं, आणि हातातला पेला कुठे ठेवावा ते कळेना.