नळाची खोड

मशीन पुन्हा घरघरायला लागली आणि काम मागायला आलेला सुपरवायझर पाठ सरळ करून उभा राहिला. सकाळपासून त्या मशिनीपुढे सगळ्या बायकांनी हात टेकले होते. त्यानं दहा मिनिटांत अडकलेला दोरा ओढून काढला, सुई बदलली, पट्टा ताणला. कात्रीबाई बघत होती आणि आतल्या आत जळत होती.

हे नाव तिला वस्तीनं ठेवलेलं. कापड बेतायचं काम तिच्याकडे, आणि जिभेलाही तशीच धार.

तो तिला विसरला होता, ती विसरली नव्हती. एकोणीस वर्षांची असताना ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात काम मागायला गेली होती. फाटकावर ‘शिवणकामाला बायका पाहिजेत’ अशी पाटी, आणि आत टेबलामागे हाच. त्यानं तिचा पत्ता वाचला आणि अर्ज दोन बोटांनी बाजूला सारला. त्या वस्तीतली माणसं आम्ही घेत नाही, म्हणाला. पाटी पुढं तीन महिने तशीच लटकत होती. मग त्याच कारखान्याचे शर्ट ठेकेदारामार्फत वस्तीत यायला लागले. निम्म्या मजुरीत ती घरी बसून बटणं लावायची. अकरा वर्षं. डोळ्यांचं वाटोळं झालं.

आता कारखान्यानं गाशा गुंडाळला होता आणि साहेब रिकामे झाले होते. इकडे वस्तीतल्या बत्तीस बायकांनी बंद गोदामात स्वतःचं शिलाई केंद्र उभं केलं होतं. इस्पितळाच्या गणवेशांचं पहिलं मोठं काम हातात होतं. शिवता सगळ्यांना येत होतं, पण एवढ्या कामाची घडी बसवणारं कुणी नव्हतं. काम वेळेत गेलं नाही तर दाराला कुलूपच.

“नाक मुठीत धरून आलाय. घेऊन टाक,” तिची जाऊ तिच्या कानाशी पुटपुटली. “गरज आपलीच आहे.”

कात्रीबाईनं राग गिळला. घ्यायचं ठरवलं. पण त्याला अगदी कोरडं सोडणंही तिच्या जिवावर आलं. त्याचे हात तेलानं काळे झाले होते.

“साहेब, मागं नळ आहे. हात धुऊन घ्या.”

सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. वस्तीतला नळ उघडला की आधी हवा येते, मग गढूळ पाण्याची पिचकारी. बाहेरून आलेला प्रत्येक जण तिथं एकदा न्हाऊन निघालेला. बायकांनी हसू दाबून धरलं.

सुपरवायझर नळासमोर उभा राहिलाच नाही. भिंतीला चिकटून बाजूला झाला, डावा तळवा नळाच्या तोंडावर दाबला आणि मग तोटी फिरवली. नळ दोनदा खोकला. तिसरी उचकी येऊन गेल्यावर त्यानं तळवा काढला आणि सावकाश हात धुतले.

कुणीच हसलं नाही.

“कुठली गल्ली?” कात्रीबाईनं विचारलं.

त्याचा चेहरा खाडकन उतरला. “शेवटची. सोडून खूप वर्षं झाली,” तो खाली बघत म्हणाला. “कारखान्यात मामाचा पत्ता दिला होता. त्यांना कळलं असतं, तर मलाही काढलं असतं, ताई.”

जाऊ मान हलवून खुणावत होती, विसर ते, घेऊन टाक. कात्रीबाईला ते दिसत होतं. इस्पितळाचे कापडाचे गठ्ठेही दिसत होते. पण इतकी वर्षं ज्याला राग समजत होती तो काहीच नव्हता. खरा आत्ता चढला होता. तिनं दाराकडे बोट केलं.

“निघा. परके असतात, तर ठेवून घेतलं असतं.”