निऱ्यांची पिन

"पिन घट्ट लाव गं," निऱ्या सावरत हर्षा म्हणाली. शाळेतल्या नोकरीसाठी तिची पहिलीच मुलाखत. तिच्याबरोबरच बी.एड. झालेल्या केतकीला दोन शाळांनी नाकारलं होतं. आरशातला तो उजळ चेहरा पाहून केतकीचा जीव ओल्या लाकडासारखा धुमसला. तिने मुद्दाम पिन एकाच निरीत अडकवली. "झालं, जा."

संध्याकाळी हर्षा पेढे घेऊन आली. "अगं, पाठ घेताना फळ्यापाशीच निऱ्या सुटल्या. मुलं हसली. मी म्हटलं, बघा, हे गुरुत्वाकर्षण. मग मुख्याध्यापिकाबाईही हसल्या. घेतलंच मला."

केतकीने पेढा तसाच बशीत ठेवला.

दुसऱ्या सकाळी केतकीच्या मुलाखतीसाठी निऱ्या हर्षाने घातल्या, गुणगुणत. जिन्यात केतकीने चोरून चाचपून पाहिलं.

पिना दोन होत्या.